मागची घंटा

मानकापूरच्या उड्डाणपुलाचा चढ निम्मा झाला असेल, तेव्हा मागून दोनदा घंटा वाजली आणि दामिनीच्या अंगठ्याने तिला न विचारता उत्तर दिलं. एकदाच, टिंग. मग अंगठा परत हँडलच्या रबरावर जाऊन बसला, जसा काही तो तिथून हललाच नव्हता. पाय फिरत राहिले. रविवारची सकाळ होती, सव्वानऊ. नोव्हेंबरचं ऊन पुलाच्या एकाच कठड्यावर पडलं होतं आणि रस्ता इतका मोकळा होता की स्वतःच्या साखळीचा आवाज ऐकू येत होता. पेडलच्या चार फेऱ्या झाल्यावर तिला कळलं की आपण उत्तर दिलं. पाचव्या फेरीला कळलं की मागे कोणी असायचं कारणच नाही. मागून घंटा वाजवायच्या त्या यमुताई इथून सात किलोमीटरवर, महालातल्या आपल्या घरी, अकरा वाजायची वाट बघत असतील. दामिनीने ब्रेक दाबला, सायकल कठड्याशी घेतली, पाय टेकवला आणि मागे वळून पाहिलं. ऑगस्टनंतर आपण पहिल्यांदाच सायकलवरून असं मागे वळून पाहतो आहोत, हेही तिच्या लक्षात आलं.

दूरवर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या होत्या, त्यांचा धूर आज सरळ वर जात होता. जवळ, तीस-चाळीस पावलांवर, एक माणूस जुनी सायकल हाताने ढकलत चढ चढत होता. सायकलला उभी काठी बांधलेली, काठीला गुलाबी पुड्या लटकवलेल्या, बुढ्ढी के बाल. रविवारी सदरच्या चर्चसमोर विकायला निघाला असावा. हँडलला पितळी घंटा होती. रिकाम्या पुलावर तो ती कोणासाठी वाजवत होता कोण जाणे. दामिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात जे आलं ते तिला लगेच आवडलं, आणि इतकं लगेच आवडलं म्हणून तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. अंगठा जर इथे, तीनशे दहा मीटर उंचीवर, पोटभर हवेत, एका अनोळखी माणसाच्या घंटेला उत्तर देत असेल, तर तिथेही, ऑगस्टमध्ये, हिमालयातल्या त्या खिंडीच्या रस्त्यावर, तो फक्त अंगठाच असेल. चुकला असेल. तिने काही केलं नसेल. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या बाजूने एक पुरावा समोर आला होता, आणि तो धापा टाकत चढ चढत होता.

एका रीडिंगला पुरावा म्हणत नाहीत. निदान दोन लागतात.

"भाऊ, ती घंटा परत वाजवता का?" तो जवळ आल्यावर तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हेल्मेटकडे. "काहून?"

"सहज. मी थोडी पुढे जाते, मग वाजवा. दोनदा."

"पुडी पाह्यजे असन तं घ्या नं बाई. घंटीचं काय करता? घंटी तं मी लेकरायसाठी वाजवतो."

"इथे कुठे लेकरं आहेत?"

"सवय हाय," तो म्हणाला. "हात रिकामा राह्यला का वाजते."

तिने एक पुडी घेतली, हँडलला अडकवली आणि निघाली. वीस फेऱ्या. मागून घंटा वाजली, अगदी तशीच, दोनदा. अंगठा हलला नाही. तिला तो हँडलवर पडलेला दिसत होता, नखाखाली थोडा पांढरा, सगळं माहीत असलेला. तिने आणखी दहा फेऱ्या वाट पाहिली. "आयकू आली का बाईऽ?" तो मागून ओरडला. तिने हात वर केला. हे तिला आधीच कळायला हवं होतं. वाट बघणाऱ्या अंगठ्यावर हा प्रयोग होत नाही. कोराडीच्या प्रयोगशाळेत बॉयलरला जाणारं पाणी ती वीस वर्षं तपासत आली आहे. ते पाणी इतकं शुद्ध असतं की बाटलीचं झाकण काढून ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि आकडा बदलतो. मग तुम्ही मोजता ते पाणी नसतं, उघडं ठेवलेलं पाणी असतं. नळीतून वाहत असतानाच मोजावं लागतं. ती वेळ एकदाच येते.

काल संध्याकाळी यमुताईंचा फोन आला होता. उद्या अकराला धम्मानंद माझी सायकल न्यायला येतो, त्या म्हणाल्या, त्याच्या दुकानात एखादी गरजू बाई आली तर तिला देईल. "केयूर मागेच लागलाय. म्हणतो, आई, आता बागेत चाल. पुण्यात म्हणे सगळ्यांच्या आया बागेत चालतात. पण घंटा मी ठेवून घेणार आहे हं. तिचा स्क्रू मला निघत नाही. तू ये ना सकाळी, तुझे हात बारीक आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चूक माझीच होती गं. मागच्याने वाजवायचं असतं. मी वाजवलं नाही. असं माणूस रस्त्यावर नको." दामिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला होता. "येते," एवढंच ती म्हणाली होती. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने स्क्रूड्रायव्हर शोधला, पुसला, खिशात ठेवून पाहिला आणि परत काढून टेबलावर ठेवला. सुशील, तिचा नवरा, बातम्या बघत होता. "काय झालं वं?" त्याने विचारलं. "यमुताई सायकल देऊन राहिल्या." "बरंच हाय," सुशील म्हणाला. "त्या वयात काहून पाह्यजे? वाचल्या तेच लय झालं." आणि मग, तिच्याकडे न बघता, "तुह्याच्यानं काय होत होतं तिथं? तू तं समोर होती." तू तर समोर होतीस. सगळे हेच म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात.

पुलाचा माथा आला. इथे पायांना नेहमी फसल्यासारखं होतं, आत्ता कुठे श्वास लागतो आणि चढ संपतो. नागपूर पोळपाटासारखं सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ चार मिनिटांत संपतो. म्हणून मनाली ते लेह जायचं ठरलेल्या अकरा जणांनी एक हिवाळा आणि एक उन्हाळा या पुलावर काढला, वर, खाली, पुन्हा वर. दामिनीने हिशेब केला होता. पूल नऊ मीटर चढतो. झिंगझिंगबारच्या मुक्कामापासून बारालाचा खिंड सहाशे वीस मीटर. म्हणजे एकोणसत्तर पूल, एकावर एक ठेवलेले. सुशील कोळसा विभागातली पाळी संपवून मोटरसायकलने याच पुलावरून यायचा आणि गाडी हळू करून ओरडायचा, "सकाळपासून चढून राहिली, उतरून राहिली, अन् पोहोचली कुठं? मानकापूरलेच!" तिला हसू यायचं, आणि हसल्यावर श्वास मोडायचा, मग मोजणी चुकायची. मोजणी यमुताईंची होती. इंदोऱ्यात सायकलचं दुकान चालवणारा धम्मानंद हा सगळ्यांना नेणारा. त्याने ती खिंड आधी दोनदा केली होती, आणि त्याचं म्हणणं होतं, आधी जोडी, मग सायकल. चव्वेचाळीस वर्षांच्या दामिनीला त्याने एकसष्ट वर्षांच्या यमुताई दिल्या. यमुताईंनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून काढली होती. पुलावर ट्रकांच्या रांगेत मागे वळून बघता येत नाही, म्हणून त्यांनीच नियम केला. पेडलच्या दर शंभर फेऱ्यांना मागच्याने दोनदा घंटा वाजवायची, पुढच्याने एकदा. लाइन जिवंत आहे की नाही, एवढंच विचारायचं. आणि पुढच्याने तीनशे मोजले तरी मागची घंटा आली नाही, तर थांबायचं, पाय टेकवायचा, मागे बघायचं. "तीनशे म्हणजे तीनशे," त्या म्हणाल्या होत्या. "मी चौतीस वर्षांत कोणाला त्याहून जास्त ताटकळत ठेवलेलं नाही." सगळ्या जोड्यांनी थट्टा केली, आणि महिन्याभरात सगळ्याच जोड्या घंटा वाजवायला लागल्या. पहाटे या पुलावरून कोणी गेलं असतं तर त्याला कुठल्यातरी देवळाची आरती चालत निघाली आहे असं वाटलं असतं.

उतारावर तिने पाय थांबवले. पुडी वाऱ्यात फडफडत होती. सायकल आपोआप चालली होती, सदरच्या बंद दुकानांवरून ऊन सरकत होतं, आणि या सरकण्यात तिला नेहमीसारखं ते दुसरं सरकणं मिसळलेलं जाणवलं, पाच किलोमीटर ताशी, राखाडी उतारांमधून. तिथे हवेत प्राणवायू इथल्या निम्म्याहून थोडाच जास्त होता. ते ती पाठ करून गेली होती, पण आकडा छातीत शिरल्यावर कसा वागतो ते आकड्यात लिहिलेलं नसतं. सकाळी निघताना यमुताई म्हणाल्या होत्या, डोकं जरा जड आहे. ती म्हणाली होती, पाणी प्या. मग दोन तास शंभर फेऱ्या, दोन घंटा, एक घंटा. शंभर, दोन, एक. त्या आवाजाला काही अर्थ उरला नव्हता, तो कापडाखालच्या धाग्यासारखा होता. रस्ता वळला, खाली सूरजतालचं पाणी दिसलं, हिरवं नाही, निळं नाही, धुतलेल्या काचेसारखं, आणि बरोबर त्या वळणावर मागून घंटा आली. ती शेवटची. तिने उत्तर दिलं आणि मोजायला लागली.

शंभरला घंटा आली नाही. वारा असेल. दोनशेला आली नाही. पण दोनशेच्या सुमारास दुसरंच काहीतरी झालं होतं. श्वास आणि पाय यांचं भांडण मिटलं होतं. दोन फेऱ्यांना एक श्वास आत, दोन फेऱ्यांना एक बाहेर, आणि या दोन्हींच्या मध्ये ती कुठेच नव्हती. गुडघा दुखत नव्हता. रस्ता वर जात नव्हता, तो तिच्याकडे येत होता आणि तिच्याखालून निघून जात होता. लहानपणी कुहीच्या रस्त्याने ती धाकट्या भावाला शाळेत न्यायची आणि आई, वच्छला, दारातून ओरडायची, "मांगं पाहत चाल वं, लेकरू मांगं राह्यते!" मग सासू चार वर्षं अंथरुणावर. मग दोन मुली. मग प्रयोगशाळा, तिथेही पुढचा नमुना घेताना मागच्याकडे एक नजर. मागे पाहून पाहून तिच्या मानेला एक कायमची घडी पडली होती, ती कधी पडली ते तिला माहीत नव्हतं, आणि त्या रस्त्यावर, सूरजतालच्या वर, ती घडी सुटली. तीनशे झाले. तीनशे झाले हे तिला स्पष्ट कळलं. आकडा समोर उभा राहिला, दोन शून्यांसकट. तीनशे एक, ती मनात म्हणाली. ती सुखी होती. याला दुसरा शब्द तिने तीन महिने शोधला होता, तो मिळाला नव्हता. चारशे दहाला समोरून मेंढ्या-बकऱ्यांचा कळप उतरत आला, पन्नास-साठ जनावरं, दोन गद्दी जमातीचे मेंढपाळ, आणि जनावरांच्या गळ्यात घंटा, पत्र्याच्या, पोकळ, एकात एक मिसळलेल्या. यमुताईंची घंटा पितळेची होती. ती एकटी वाजायची आणि शेवटी थोडी लांबायची. आणि ती मागून यायची, समोरून नाही. दामिनीच्या अंगठ्याने कळपाला उत्तर दिलं. एकदा. टिंग. आणि तिने मोजणी पुन्हा सुरू केली: एक.

ते "एक" कोणी म्हटलं, हाच प्रश्न होता. अंगठा मोजत नाही.

एकपासून दोनशे तीसपर्यंत गेल्यावर खिंड आली. कापडाच्या पताका, गाडी, गाडीच्या बॉनेटवर चहाचा थर्मास. "ताई कुठं हायत?" धम्मानंदने विचारलं. "मागेच आहेत," ती म्हणाली, आणि तिने चहा घेतला. तो चहा गोड होता. तिने दुसरा अर्धा कप घेतला. मग केव्हातरी धम्मानंद म्हणाला, मी जरा खाली पाहून येतो. शेवटच्या घंटेपासून तोवर चाळीस मिनिटं झाली होती. यमुताई त्या वळणाच्या जरा पुढे मैलाच्या दगडाला टेकून बसल्या होत्या, ओठ जांभळे, हेल्मेट डोक्यावर तसंच, एका ट्रकवाल्याने त्यांच्या अंगावर स्वतःची रजई टाकलेली. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. गाडी त्यांना घेऊन तशीच खाली केलाँगला गेली, दवाखान्यात, आणि दामिनीही बरोबर गेली. बाकीचे पुढे लेहला पोहोचले. तिसऱ्या दिवशी यमुताईंनी नाकावरची नळी जरा बाजूला केली, आणि शुद्धीतलं पहिलं वाक्य हे बोलल्या, "तिथे मेंढ्या होत्या ना गं? माझ्या अंगावरून गेल्या. त्यांच्या घंटा ऐकून तुला वाटलं असेल, मीच." खाटेशी नर्स उभी होती. लेहच्या वाटेवरून फोनवर असलेला धम्मानंद ऐकत होता. दामिनी म्हणाली, "हो."

एक अक्षर. प्रयोगशाळेत एकदा एका नव्या मुलीने न घेतलेलं रीडिंग वहीत लिहिलं होतं, मागच्या दोन आकड्यांची सरासरी काढून. ते खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ निघालं. दामिनीने त्या मुलीला ओरडून नाही, शांतपणे सांगितलं होतं, चुकीचा आकडा चालतो, तो पुन्हा घेता येतो. न घेतलेला चालत नाही. ती मुलगी रडली होती. आता दामिनीला तिचं नाव आठवत होतं, तिच्या बांगड्यांचा रंगही आठवत होता.

गांधीगेट ओलांडून ती महालात शिरली तेव्हा दहाला दहा कमी होते. यमुताईंचं घर एका तीन मजली इमारतीत होतं, खाली स्टेशनरीचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर त्या. दार उघडंच होतं. त्या गाऊनवर स्वेटर घालून उभ्या होत्या, आधीपेक्षा बारीक, केस नुकते धुतलेले. पुडीकडे त्यांचं लक्ष आधी गेलं.

"हे काय? म्हातारीचे केस म्हातारीलाच आणलेस?"

"पुलावर एक जण भेटला."

"गुलाबी चांगले दिसतील मला," त्या म्हणाल्या. "ये. आधी घंटा काढ, मग चहा. नाहीतर तो धम्मानंद येईल आणि पहिला चहा मागेल."

सायकल गॅलरीत उभी होती. खाली वर्तमानपत्रं पसरलेली, टायर धुतलेले, साखळीला तेल. कोणीतरी लग्नाला निघाल्यासारखी. दामिनी गुडघ्यावर बसली, स्क्रूड्रायव्हर काढला. घंटेच्या पट्टीचा स्क्रू थोडा गंजला होता. पहिल्यांदा तो हलला नाही, मग हलला. एक वेढा. यमुताई मागे वेताच्या मोड्यावर बसून बोलत होत्या. डॉक्टर म्हणतात फुप्फुसं स्वच्छ आहेत, पण फुप्फुसांचं काय एवढं, अंगठ्याचं काय? त्या एवढ्या वर्षांत एक कॉल विसरल्या नाहीत. रात्रपाळीत झोपेतही हात बरोबर खुंटीवर जायचा. आणि तिथे बसून होत्या, घंटा दिसत होती समोर, आणि अंगठा हलला नाही. "कितीदा आठवून पाहिलं. वाजवली असेल, तुला ऐकू गेली नसेल, असंही वाटतं. पण नाही. मी वाजवलीच नाही." दुसरा वेढा. घंटा हातात थोडी सैल झाली आणि स्वतःशीच किणकिणली. शेवटी लांबली. दामिनीचा हात थांबला.

"यमुताई, मेंढ्यांची घंटा मला मेंढ्यांचीच वाटली होती."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची घंटा बंद झाली, हे मला कळलं होतं. तीनशे झाले तेही कळलं होतं. मी थांबले नाही."

"किती?"

"सहाशे चाळीस."

"सहा, चार, शून्य," यमुताई म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा होता, सपाट, वय नसलेला, चौतीस वर्षं जो तारांवरून लोकांनी ऐकला असेल तो. "बरोबर?"

"बरोबर."

दामिनी वळली नाही. गॅलरीच्या गजांमधून समोरच्या गच्चीवर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या, त्या हळूहळू फुगत आणि पडत होत्या. तिला वाटलं, आता मी चुकले म्हणायला हवं. पण तो शब्द तोंडाशी आला तो सरासरी काढल्यासारखा आला. तिने तो म्हटला नाही.

"दमली होतीस?"

"नाही."

"घाबरली होतीस? तुझंही डोकं दुखत होतं का?"

"नाही. मला थांबायचं नव्हतं. छान वाटत होतं."

यमुताईंनी पुडी फोडली. प्लॅस्टिकचा तो आवाज फार वेळ चालला. एक गुलाबी पुंजका त्यांनी बोटांनी ओढला आणि खाल्ला नाही, तसाच धरून ठेवला. तो हवेने बसत गेला, लहान, गडद, चिकट झाला.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी या अंगठ्याला विचारतेय, तू का नाही हललास. अंधारात दिवा लावून बघत होते त्याला. केयूरला मी स्वतः सांगितलं, आई आता भरवशाची राहिली नाही म्हणून. आणि तू मला डबे आणून देत होतीस." त्यांनी पुंजका पुडीत परत ठेवला. "मेथी चांगली झाली होती."

दामिनीच्या कानांत रक्ताचा आवाज येत होता, अगदी नियमित. ती तो मोजायला लागली आणि तिने मोजणं थांबवलं.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. "ताईऽ! येऊ का वरतं, का तुमीच उतरवता?" धम्मानंद आज लवकर आला होता. यमुताई उठल्या. दामिनीच्या खांद्याला न लागता त्या गजांपाशी गेल्या.

"आज नाही न्यायची, धम्मानंद. जा तू."

"काहून? काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही. सायकल चांगली आहे. माणूसही चांगला आहे."

"कोणता माणूस?"

"मी रे, मी!"

"मंग ते मी केव्हाचा म्हणून राह्यलो!" धम्मानंद खालून हसला. "चाय तं पाजा."

"आज नाही. उद्या ये चहाला."

टेम्पो मागे घेण्याचा आवाज झाला, कोणीतरी त्याला शिवी दिली, त्याने परत दिली, आणि गल्ली पुन्हा रविवारची झाली. यमुताई गजांना धरून उभ्याच राहिल्या. पाठमोऱ्या त्या फार लहान दिसत होत्या, आणि दामिनीला उमगलं की ती त्यांना पहिल्यांदाच मागून बघते आहे. इतके महिने त्या मागे आणि ती पुढे.

"स्क्रू घट्ट कर," यमुताई म्हणाल्या.

तिने दोन वेढे परत दिले. मग अर्धा आणखी.

"झाला?"

"झाला."

"वर काय दिसतं? त्या खिंडीतून."

दामिनीने आठवून पाहिलं. खोटं सांगायला काही नव्हतं. "दुसरे डोंगर," ती म्हणाली. "आणि उतार."

"हं." यमुताईंनी चिकट झालेली बोटं स्वेटरला पुसली. "जा आता."

"ताई..."

"आत्ता जा. आज मला तुझ्याशी बोलायचं नाही. पुढचं मला माहीत नाही."

जिन्यात अंधार होता आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या कोऱ्या वह्यांचा वास होता. सायकलचं कुलूप काढताना तिने वर पाहिलं नाही. ती निघाली. पहिल्या फेरीला तिने एक म्हटलं, सवयीने, आणि मग सवय म्हणून नाही, मुद्दाम, दोन, तीन. रस्ता सपाट होता, पायांना काही करावं लागत नव्हतं. बडकस चौकाच्या अलीकडे शंभर झाले. भाजीच्या गाड्या, दुधाचे कॅन, दोन बायका एका स्कूटीवर मोठं पातेलं धरून. मागून हॉर्न येत होते, ते तिने वेगळे काढले. एका रिक्षाची घंटा, ती वेगळी काढली. अंगठा रबरावर होता, घंटेवर नव्हता. चिटणीस पार्कच्या कुंपणाशी दोनशे झाले. इथे तिला पुन्हा ते जाणवलं, अगदी थोडं, दोन फेऱ्यांना एक श्वास आत, दोन फेऱ्यांना एक बाहेर, आणि तिने ते नाकारलं नाही. ते होतं. तेही रीडिंगच होतं. दोनशे ऐंशी. दोनशे नव्वद. घंटा येणार नव्हती. यमुताई गॅलरीत असतील, किंवा आत जाऊन त्यांनी केयूरला फोन लावला असेल, किंवा नुसत्या मोड्यावर बसून असतील. हे तिला नीट माहीत होतं.

तीनशे.

ती थांबली. बंद भांड्यांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या अगदी मधोमध नाही पण कडेलाही नाही. पाय टेकवला आणि मागे वळून पाहिलं. मान थोडी दुखली. मागच्या ऑटोवाल्याला करकचून ब्रेक मारावा लागला.

"ओ मॅडम! पंक्चर झाली का?"

"नाही."

"मंग रस्त्यात काहून उभ्या?"

"मागे एक जण आहेत," दामिनी म्हणाली.

त्यानेही मागे वळून पाहिलं. लांब महालाच्या बाजूला ऊन आणि धूळ होती, आणि त्यातून पुष्कळ लोक येत होते.